पायाची नस हृदयाला लावल्यावर तिचं पुढे नेमकं होतं काय?

पंचवटीकर
मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. बाबांची बायपास झाली, इथेच नाशकात, आता घरी आहेत, जिना चढतात, चहात साखर कमी झाली म्हणून आईशी भांडतात म्हणजे गाडी रुळावर आहे. डिस्चार्ज कार्डावर तीन ग्राफ्ट म्हणजे नव्याने जोडलेल्या वाहिन्या लिहिल्यात, एक लिमा म्हणजे छातीतली धमनी ती एलएडीला, आणि दोन एसव्हीजी म्हणजे पायातली नस, एक ओएमला आणि एक आरसीएला (एलएडी, ओएम, आरसीए ही हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची नावं). सर्जन राउंडला आले तेव्हा एवढंच म्हणाले की छातीतली आहे ती निवांत चालेल, पायातल्या दोन्हींची काळजी घ्या, गोळ्या चुकवू नका, आणि गेले पुढच्या बेडकडे. आता माझ्या डोक्यातून जात नाहीये की रक्त तेच, हृदय तेच, मग एकीला जास्त आयुष्य आणि दुसरीला कमी असं का? सोसायटीतले एक काका म्हणतात काही महिन्यांनी पायाच्या नसेची आपोआप धमनीच बनते, चिंता सोड. आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना डायलिसिससाठी हातात फिस्टुला केलाय, म्हणजे धमनी आणि नस एकमेकींना जोडलीय, त्यांची नस चांगली जाडजूड फुगलीय आणि डॉक्टर म्हणतात मस्त झालंय. म्हणजे एका ठिकाणी नस बदलली तर मस्त आणि दुसऱ्या ठिकाणी बदलली तर काळजी घ्या? कुणी नीट समजावेल का, गूगल करून फक्त घाबरायला झालं.

निफाडचा_बागायतदार
बाबांना आराम पडो. मला पाइपातलं कळतं तेवढं बोलतो. बागेत मेन लाइन तीन इंची आणि ओळीत १६ एमएमची लॅटरल. पाणी कितीही सोडा, पाइप आहे तेवढाच राहतो, प्रेशर वाढलं की जॉइंट उडतो नाहीतर नळी फाटते. मग पायातली नस जी कमी प्रेशरची, ती डायरेक्ट हृदयाच्या प्रेशरला लावली तर फाटत कशी नाही? आणि काढून घेतलेल्या नसेशिवाय पायाचं काय होतं?

सिडकोची_मास्तरीण
आयुष्यभर फिजिऑलॉजी शिकवली, रिटायर झाले तरी खोड जात नाही, म्हणून लिहिते. भाऊ, तुमच्या पाइपात आणि नसेत फरक तिथेच आहे जिथे तुम्ही बोट ठेवलंत. पाइप आहे तेवढाच राहतो, रक्तवाहिनी राहत नाही. तिच्यातून काय वाहतंय आणि किती जोराने दाबतंय हे तिला कळतं आणि त्याप्रमाणे ती स्वतःला नव्याने बांधत बसते, आयुष्यभर.

आधी पायाचं. पायात वरवरची नस वेगळी आणि स्नायूंच्या आतली खोल नस वेगळी. बहुतेक रक्त खोल नसांतून वर जातं, त्यामुळे वरची लांब नस काढली तरी पाय चालतो. थोडी सूज राहते, घोट्याच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं कारण नसेला लागून एक मज्जातंतू असतो. नसेत झडपा असतात, रक्त फक्त वरच्या दिशेने जावं म्हणून, म्हणून हृदयावर लावताना सर्जन ती उलटी फिरवून लावतात.

आता प्रेशर. पडून असताना नसेतला दाब ५ ते १० मिमी पारा. धमनीत १२०/८०, सरासरी धरा ९०-१००. म्हणजे जोडताना लावलेला चिमटा, क्लॅम्प, काढला त्या क्षणी त्या नसेवर दहापट दाब येतो. ती फाटत नाही कारण तिच्यात कोलॅजन म्हणजे चिवट धागे भरपूर असतात, ती ताणून कडक होते आणि धरून ठेवते. पण आतल्या पेशींना तो धक्काच असतो. मग भिंत जाड व्हायला लागते आणि ही जाडी सुरुवातीला हवीच असते, तिच्याशिवाय ग्राफ्ट टिकणार नाही. काळजी आहे ती जाड होणं वेळेत थांबतं की नाही याची.

आणि यातलं मूळ सूत्र फार जुनं आहे. जर्मनीतले रिचर्ड थोमा, १८९३. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या रक्तवाहिन्या बघून त्यांनी मांडलं की वाहिनी किती रुंद होणार हे प्रवाह ठरवतो आणि भिंत किती जाड होणार हे भिंतीवरचा ताण ठरवतो. रुंदीचा मालक प्रवाह, जाडीचा मालक दाब. पंचवटीकर, तुमच्या वहिनी आणि तुमचे बाबा यांच्यातला फरक जवळजवळ सगळा या एका ओळीत आहे, पण उलगडायला वेळ लागेल, मी जेवून येते.

सातपूर_एमआयडीसी
मास्तरीणबाई जेवेपर्यंत मी आकडेमोड करतो, मेकॅनिकलवाला आहे. भिंतीला रक्त घासत जातं त्या घर्षणाच्या ताणाला शिअर म्हणतात. गोल नळीत सरळ वाहत असेल तर तो ताण प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो आणि त्रिज्येच्या घनाने कमी होतो. घनाने! म्हणजे प्रवाह दुप्पट झाला आणि वाहिनीला जुनाच शिअर परत हवा असेल तर तिला फक्त २६ टक्के रुंद व्हावं लागेल. आठपट झाला तर दुप्पट रुंद, बस. म्हणजे थोडं रुंद होऊन खूप काम भागतं.

जाडीचं गणित वेगळं, ते लाप्लास नावाच्या शास्त्रज्ञाच्या नियमाचं. भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. दाब दहापट झाला आणि ताण मूळ पातळीवर आणायचा तर एकतर जाडी वाढवा नाहीतर त्रिज्या कमी करा. कंपनीत आम्ही बॉयलरच्या शेलला हेच वापरतो, फरक एवढाच की आमचं शेल स्वतःहून प्लेट चढवत नाही.

प्रश्न: वाहिनीला मोजतंय कोण? सेन्सर कुठे आहे?

सिडकोची_मास्तरीण
सेन्सर म्हणजे आतलं अस्तर. एंडोथेलियम, एकाच पेशीचा थर, रक्ताला डायरेक्ट लागून. याचा पुरावा फार सुंदर आहे. १९८६ साली लँगिल आणि ओ'डॉनेल यांनी सशांच्या मानेतल्या धमनीचा प्रवाह जवळपास ७० टक्के कमी केला. दोन आठवड्यांत धमनी २१ टक्के अरुंद झाली. स्नायू सैल करणारं औषध देऊन पाहिलं तरी ती परत मोठी होईना, म्हणजे ती नुसती आवळली नव्हती, बांधणीच बदलली होती. आणि ज्या धमन्यांचं अस्तर आधीच काढून टाकलं होतं त्या अरुंद झाल्याच नाहीत. सेन्सर काढला, काम बंद.

उलट दिशेचा प्रयोग त्याआधीचा, कामिया आणि तोगावा, १९८०. कुत्र्यांच्या मानेत धमनी आणि नस जोडून प्रवाह वाढवला आणि ६ ते ८ महिन्यांनी मोजलं. चौपटीपर्यंत प्रवाह वाढलेला असेल तर धमनी इतकी रुंद झाली होती की शिअर जवळजवळ जुन्या पातळीवर आलेला.

प्रवाह जोरात घासला की अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने बाहेरचा स्नायू सैल पडतो, शिवाय रक्ताची गुठळी आणि स्नायूपेशींची वाढ दोन्हीला लगाम बसतो. या रेणूच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद. घासणं कमी झालं किंवा उलटसुलट झालं की तो लगाम सुटतो. लक्षात ठेवा हे वाक्य, पुढे लागणार आहे.

सातपूर_एमआयडीसी
थांबा थांबा. प्रवाह ७० टक्के कमी म्हणजे उरला ३० टक्के. ०.३ चं घनमूळ ०.६७. म्हणजे शिअर पूर्ण जाग्यावर आणायला ३३ टक्के अरुंद व्हायला हवं होतं, झाली २१. पूर्ण भरपाई झालीच नाही की.

सिडकोची_मास्तरीण
शाब्बास, वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवला असता. हो, भरपाई अर्धवट. आणि शरीरात सगळीकडे शिअरचा आकडा एकच नसतो, धमन्यांमध्ये साधारण १० ते २० डाइन दर चौरस सेंमी, कुठे जास्तही, नसांमध्ये १ ते ६. प्रत्येक वाहिनीचा आपला आपला ठरलेला आकडा असतो आणि ती त्याच्या आसपास परत यायला बघते, एवढंच.

आयुर्वेद_प्रेमी_०७
हे सगळं ठीक आहे पण लसूण आलं लिंबू आणि व्हिनेगरचा काढा रोज सकाळी दोन चमचे घेतला तर नसा आपोआप साफ होतात, आमच्या ओळखीच्या एकांची बायपास टळली. अर्जुनाची साल पण.

सुईवाली_ताई
०७ साहेब, काढ्याने नसा साफ होतात याला पुरावा नाही, कुणाला गोळ्या बंद करायला सांगू नका एवढी हात जोडून विनंती.

मी नाशिकरोडला डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे, फिस्टुलाचं मी सांगते. मनगटाजवळची धमनी आणि शेजारची नस यांना जोडून देतात, ही पद्धत न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांची, १९६६ मध्ये छापून आली. आपल्याला मशीनला मिनिटाला भरपूर रक्त लागतं आणि साध्या नसेतून ते मिळत नाही, धमनीत वारंवार सुया टोचणं बरोबर नाही. म्हणून धमनीचं रक्त नसेत सोडायचं आणि नस मोठी व्हायची वाट बघायची. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला २०-३० मिली जातं, जोडल्या जोडल्या ते २००-३०० होतं आणि नीट पिकलं की ६०० ते १२००. आमच्याकडे पिकणंच म्हणतात. सहा-सहाचा नियम आहे, साधारण सहा आठवड्यांनी बघायचं, प्रवाह ६०० मिली, नस ६ एमएम रुंद, कातडीपासून ६ एमएमपेक्षा खोल नको.

हात लावला की आत थरथर लागली पाहिजे, आम्ही पेशंटला शिकवतो रोज सकाळी दात घासायच्या आधी बोट ठेवून बघ, थरथर थांबली तर त्याच दिवशी फोन. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, घट्ट बांगड्या-घड्याळ नाही, त्या हातावर उशी करून झोपायचं नाही. रबरी बॉल दाबायला देतो. एक आजोबा बॉल हरवला म्हणून लिंबू दाबत बसायचे, आणि मग त्याचं सरबत.

सातपूर_एमआयडीसी
२० मिलीवरून ६०० म्हणजे ३० पट. घनमूळ ३.१. दोन एमएमची नस सहा एमएम! सहाचा आकडा उगीच नाही आला.

सिडकोची_मास्तरीण
इतकं हुबेहूब जुळलं की मला शंका येते, तुम्ही धमनीचा प्रवाह धरलाय आणि रुंदी नसेची, शिवाय दाबानेही ती थोडी फुगते. पण दिशा बरोबर आहे.

आता पंचवटीकरांचा मूळ प्रश्न. फिस्टुलात नसेचं पुढचं टोक मोकळं आहे, रक्त सरळ हृदयाकडे परत जातं, अडवणारं काही नाही. म्हणून प्रवाह प्रचंड आणि दाब त्यामानाने कमी. थोमांच्या सूत्राने अशी नस मुख्यतः रुंद होणार. बायपासमध्ये नस जोडलीय दीड-दोन एमएमच्या कोरोनरी म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमनीला, तिच्यापुढे बारीक फाट्यांचा सगळा अडथळा. दाब पूर्ण धमनीचा, प्रवाह मात्र त्या स्नायूला लागतो तेवढाच. आणि नस स्वतः ४-५ एमएम रुंद, म्हणजे तिच्या रुंदीच्या मानाने रक्त हळू चालतं, भिंतीला घासणं कमी. दाब जास्त, घासणं कमी. अशी नस मुख्यतः जाड होणार. नस तीच, पण दोन ठिकाणी तिला दोन वेगळे हुकूम मिळतात. म्हणून वहिनींचं मस्त आणि बाबांचं काळजी घ्या. फिस्टुलाही बिघडतो हं, बरेचसे पिकतच नाहीत, बहुतेकदा जोडाच्या जवळच अरुंद होतात, ताई सांगतीलच.

सुईवाली_ताई
रोजचं आहे ते. जोडाच्या थोडं पुढे, जिथे रक्त वळसा घेऊन आदळतं तिथे आवळतं. थरथर बदलते, नुसती ठकठक लागते. मग फुग्याने मोठं करतात.

पंचवटीकर
आत्ता डोक्यात उजेड पडला. पण मग ती जाड होता होता बंद कशी पडते? आणि काकांचं धमनी बनते ते खरं की नाही?

सिडकोची_मास्तरीण
बंद पडण्याचे तीन टप्पे धरतात. पहिल्या महिन्यात गुठळी, कारण नस काढताना, फुगवून बघताना, बाहेर ठेवताना अस्तर दुखावतं आणि उघड्या पडलेल्या जागी प्लेटलेट चिकटतात. म्हणून ॲस्पिरिन. मग महिना ते वर्ष या काळात मधल्या थरातल्या स्नायूपेशी आतल्या बाजूला सरकतात, वाढतात, आपल्याभोवती चिकट जाळं विणतात आणि आत एक नवाच थर तयार होतो, निओइंटिमा. वर लगाम म्हटलं होतं ना, तो इथे सुटलेला असतो. थोडा थर सगळ्याच ग्राफ्टमध्ये येतो. शिअर चांगला असेल तर थांबतो, नसेल तर वाढतच राहतो. आणि वर्षानंतर त्या थरात कोलेस्टेरॉल शिरायला लागतं, मूळ धमनीत दहा-दहा वर्षं लागतात ते इथे लवकर होतं. म्हणून स्टॅटिन. आणि तंबाखू-बिडी असेल तर ती आजच बंद, त्यावर चर्चा नको.

आकडा हवाच असेल तर, दहा वर्षांनी पायाच्या ग्राफ्टपैकी साधारण निम्मे किंवा थोडे जास्त चालू असतात, लिमा नव्वद टक्क्यांच्या वर. याचा अर्थ दहा वर्षांनी संपलं असा कुणी घेऊ नये, कुणाचे वीस वर्षं चालतात.

काकांचं अर्धं खरं. आलेक्सी कारेल, ज्यांना टाके घालून वाहिन्या जोडायच्या कामासाठी १९१२ चं नोबेल मिळालं, त्यांनीच कुत्र्यांमध्ये धमनीच्या जागी नस लावून बघितली होती आणि ती जाड होते हे तेव्हाच दिसलं होतं. माणसाच्या हृदयासाठी पायाच्या नसेचा पद्धतशीर वापर सुरू केला अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो यांनी, क्लीव्हलँडला, १९६७ मध्ये. जाडी धमनीसारखी येते. पण पेशींची ओळख सांगणारी प्रथिनं असतात, नसेचं एफ-बी-४ आणि धमनीचं एफ्रिन-बी-२. ग्राफ्टमध्ये नसेची खूण फिकी पडते आणि धमनीची मात्र येत नाही. ना घर का ना घाट का. फिस्टुलात, उंदरांवरच्या प्रयोगात तरी, दोन्ही खुणा एकत्र दिसल्या. धमनीच्या भिंतीत असतो तसा लवचिक पडदाही नसेत कधी नीट तयार होत नाही. तर काकांना सांगा धमनी होत नाही, धमनीचं काम करायला शिकलेली नस होते.

हिरवा_गाऊन
ओटीत वीस-एक वर्षं सिस्टर होते, एक भर घालते. पूर्वी नस काढली की तिला बारीक फाटे बांधलेत का, गळते का हे बघायला सिरिंजने सलाइन भरून टम्म फुगवायचे, जोर जास्त झाला की अस्तर तिथेच जायचं. आता त्यावर फार लक्ष देतात. स्वीडनहून नो-टच म्हणून पद्धत आली, नस भोवतालच्या चरबीसकट काढायची, फुगवायची नाही, ताणायची नाही. ती चरबी बाहेरून आधार देते आणि नसेच्या भिंतीला स्वतःचा रक्तपुरवठा करणाऱ्या बारीक वाहिन्याही वाचतात. फक्त पायाची जखम मोठी आणि भरायला कटकट, शुगरवाल्यांना तर फारच. बाहेरून जाळीची नळी बसवायची कल्पना पण आहे, म्हणजे नस फुगणार नाही, रुंदी बेताची राहील आणि रक्त जोरात घासेल.

सातपूर_एमआयडीसी
म्हणजे त्रिज्या कमी ठेवून लाप्लास आणि शिअर दोन्ही एकदम सुधारायचे. हुशार आहे. एखादं औषधच का नाही त्या पेशी वाढू न देणारं?

सिडकोची_मास्तरीण
करून झालं. प्रिव्हेंट-४ म्हणून मोठी चाचणी होती, तीन हजारांवर पेशंट, नस लावण्याआधी एडिफोलिगाइड नावाच्या औषधात बुडवून ठेवायची, पेशी विभागू नयेत म्हणून. २००५ मध्ये निकाल आला, काही फरक नाही. मला त्यात नवल वाटत नाही. पेशी वाढतात कारण दाब आणि प्रवाह त्यांना रोज सांगत राहतात, एकदा बुडवलेलं औषध किती दिवस पुरणार.

निफाडचा_बागायतदार
मग तीनही ठिकाणी छातीतलीच का नाही लावत?

हिरवा_गाऊन
छातीत दोनच आहेत दादा, डावी आणि उजवी. दोन्ही काढल्या तर छातीचं हाड भरायला त्रास होऊ शकतो, परत शुगर आडवी येते. हातातली धमनी पण वापरतात, मनगटाची. लिमाचं वरचं टोक तर कापतच नाहीत, जिथून निघते तिथे तशीच ठेवून फक्त खालचं टोक हृदयावर आणतात. मुळात धमनी, दाबाची सवय, अस्तर तगडं.

गंगापूर_रोडचा_जावई
मग हे कसं, माझ्या सासऱ्यांची लिमा दोन वर्षांत बारीक होऊन अँजिओत दोऱ्यासारखी दिसली. डॉक्टर म्हणाले ब्लॉक नाहीये, बारीक झालीय. आम्हाला वाटलं ऑपरेशन फेल. सासूबाईंनी तर काळारामाला नवस बोलून टाकला.

सिडकोची_मास्तरीण
तुमच्या सासऱ्यांच्या छातीत लँगिलच्या सशांचाच प्रयोग झालाय. मूळ धमनीतला अडथळा फार मोठा नसेल तर रक्त जुन्याच रस्त्याने भरपूर जातं, ग्राफ्टला गिऱ्हाईकच राहत नाही. प्रवाह कमी, घासणं कमी, अस्तर म्हणतं एवढी रुंदी कशाला, आणि जिवंत धमनी असल्यामुळे ती खरंच आकसते. याला स्पर्धेचा प्रवाह म्हणतात. स्नायूला रक्त मूळ वाटेने मिळतंय म्हणून सासऱ्यांना छातीत दुखत नसेल, बरोबर? मूळ धमनीतला अडथळा पुढे वाढला तर अशी आकसलेली लिमा परत रुंद झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच सर्जन किरकोळ ब्लॉकला ग्राफ्ट लावायला नको म्हणतात आणि मधल्या टक्केवारीचा ब्लॉक असेल तर दाबाची तार आत घालून मोजून बघतात.

गंगापूर_रोडचा_जावई
बरोबर, दुखत अजिबात नाही, रोज जॉगिंग ट्रॅकवर जातात. सासूबाईंना वाचून दाखवतो, नवस मात्र फेडावाच लागेल.

पंचवटीकर
आत्ता कार्ड काढून बघितलं. बाबांचा आरसीए ९५ टक्के ब्लॉक आणि ओएम ९० टक्के ब्लॉक लिहिलंय.

सिडकोची_मास्तरीण
मग दोन्ही नसांना भरपूर काम आहे, ते चांगलंच. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालू, बीपी-शुगर बघा, पायाला सूज असेल तर बसताना पाय वर ठेवायचे. साखरेच्या भांडणात आईच्या बाजूने उभे राहा.